पैऱ्याच्या राशीतील ठेव

श्रावणाच्या सुमारास रायपूरच्या शंकर नगर परिसरात भाजी घेण्यासाठी बाहेर पडलेल्या गृहिणीला एखाद्या टोपलीत करड्या-पांढऱ्या अळंबीचा लहानसा ढीग दिसला, की तिची पावले आपोआप थांबतात. छत्तीसगडी बोलीत हिला 'पैरा फुटू' म्हणतात. पैरा म्हणजे भाताचा पेंढा आणि फुटू म्हणजे अळंबी. तिचा भाव इतर भाज्यांच्या कितीतरी पट असतो, तरीही टोपली रिकामी व्हायला वेळ लागत नाही. ही अळंबी कोणी पेरलेली नसते. मळणीनंतर रचून ठेवलेली पेंढ्याची रास पावसात भिजते, आतून तापते आणि तिच्यावर ही अळंबी स्वतःहून उगवते.

चवीच्या पलीकडे जाऊन पाहिले, तर या टोपलीत एक मोठे शास्त्र दडलेले आहे. ज्या काडीवर माणसाचे पोट भरू शकत नाही, त्या काडीवर ही बुरशी पोसली जाते. कारण काडीचे साखरेत रूपांतर करण्याची कला तिला अवगत आहे. हीच कला सूक्ष्मजीवांकडून उसनी घेऊन शेतातील टाकाऊ काडीपासून वाहनांसाठी इंधन तयार करण्याचे प्रयत्न आज जगभर चालू आहेत. 'भाताचे कोठार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगडला या प्रयत्नांत विशेष महत्त्व का आहे आणि त्यांच्या मार्गात नेमका अडसर कोणता आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

एक काडी, अनेक नावे

कोकणात पेंढा, भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत तणस आणि छत्तीसगडात पैरा. नावे बदलली तरी वस्तू एकच. गोंदियाहून डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग या मार्गाने रायपूरकडे येणाऱ्या प्रवाशाला कापणीनंतरच्या दिवसांत रुळांच्या दोन्ही बाजूंना याच काडीच्या राशी दिसत राहतात. पूर्वी या काडीचा कणही वाया जात नसे. गुरांचा चारा, घराचे छप्पर, थंडीतले अंथरूण, आंब्याची अढी अशा अनेक कामी ती येई. आता कौले व पत्रे आले, बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि कापणीला कंबाइन हार्वेस्टर आला. हे यंत्र दाणे पोत्यात भरते. काडी मात्र शेतातच विखरून टाकते. ती गोळा करण्याची मजुरी परवडत नाही, म्हणून अनेक ठिकाणी शेतकरी तिला काडी लावून मोकळा होतो.

या काडीचे प्रमाण किती असावे? २०२४-२५ च्या खरीप हंगामात छत्तीसगड शासनाने १४९ लाख टनांहून अधिक धान खरेदी केले. भाताच्या एक टन दाण्यामागे साधारणतः एक ते दीड टन काडी निघते. म्हणजे केवळ शासकीय खरेदी केंद्रांवर आलेल्या धानामागेच किमान दीड कोटी टन पैरा त्या वर्षी निर्माण झाला असणार. देशाचा विचार केला, तर केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैवभार उपलब्ध होतो आणि चारा व इतर उपयोग वजा जाता त्यातील सुमारे २३ कोटी टन शिल्लक राहतो. बँकेच्या भाषेत बोलायचे, तर ही एक प्रचंड ठेव आहे. मात्र ती खात्यावर नाही, उघड्यावर पडून आहे.

साखरेला लागलेले कुलूप

भाताचा दाणा आणि भाताची काडी ही दिसायला भिन्न असली, तरी दोहोंचा मोठा भाग एकाच साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा बनलेला असतो. दाण्यात ग्लुकोजचे कण एका पद्धतीने जोडले जातात आणि स्टार्च तयार होते. काडीत ते दुसऱ्या पद्धतीने जोडले जातात आणि सेल्युलोज तयार होते. जोडणीतील एवढ्याशा फरकामुळे स्टार्च माणसाला पचते आणि सेल्युलोज पचत नाही.

गाय-म्हैस ही काडी खाऊन दूध देते, याचे श्रेयही खरे तर गुरांना नाही. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात कोट्यवधी जिवाणू, आदिजीव आणि बुरशी वास करतात. काडी फोडण्याचे काम ते करतात आणि गुरे त्या कामाचे फळ खातात. प्रत्येक गोठ्यात अशी एक चालतीबोलती किण्वनटाकी शतकानुशतके उभी आहे.

मात्र सेल्युलोज काडीत सुटे सापडत नाही. त्याभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टन असते आणि या दोहोंना लिग्निन नावाचा चिवट पदार्थ सिमेंटप्रमाणे घट्ट धरून ठेवतो. भाताच्या काडीत यांच्या जोडीला सिलिकाही भरपूर असते. म्हणूनच ती हाताला खरखरीत लागते आणि यंत्रांची पाती लवकर झिजवते. वनस्पतीने ही तटबंदी उभारली आहे ती किडी आणि बुरशी यांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी. इंधन करू पाहणाऱ्या माणसाच्या वाटेतही हीच तटबंदी उभी राहते.

बुरशीने दिलेली किल्ली

या कुलपाची किल्ली सापडली ती एका नुकसानीच्या चौकशीतून. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिक महासागरातील बेटांवर लढणाऱ्या अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कापडी सामान उष्ण-दमट हवेत झपाट्याने कुजू लागले. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याचा फडशा पाडणाऱ्या जीवांचा शोध घेताना सोलोमन बेटांच्या परिसरातून एक हिरवट बुरशी हाती लागली. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स या शास्त्रज्ञांनी तिच्यावर पुढे दीर्घकाळ संशोधन केले आणि रीस यांच्या सन्मानार्थ तिचे नाव ट्रायकोडर्मा रीसी असे ठेवण्यात आले. प्रारंभी तिला रोखायचे कसे, हा प्रश्न होता. नंतर तिला कामाला लावायचे कसे, हा प्रश्न झाला. आज काडीपासून साखर करण्यासाठी लागणाऱ्या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, उत्पादनात याच बुरशीचे सुधारित वाण आघाडीवर आहेत.

कारखान्यातील प्रक्रिया साधारणतः चार टप्प्यांत चालते. प्रथम काडीचे तुकडे करून त्यांना वाफ आणि सौम्य आम्ल यांच्या साहाय्याने सैल केले जाते. त्यामुळे तटबंदीला भगदाड पडते. दुसऱ्या टप्प्यात सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानाला विकर सोडले जातात. त्यांच्यात कामाची वाटणी असते. एक विकर सेल्युलोजची लांब साखळी मधूनच तोडतो, दुसरा तिची टोके कुरतडत जातो आणि तिसरा उरलेल्या जोड्या फोडून ग्लुकोज मोकळे करतो. तिसऱ्या टप्प्यात यीस्ट या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. जिलबीचे पीठ आंबवणारे हेच ते यीस्टचे कुळ. पण हेमिसेल्युलोजपासून मिळणारी झायलोज ही साखर साध्या यीस्टला चालत नाही. तिच्यासाठी सुधारित वाण वापरावे लागतात. शेवटी ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वेगळे केले जाते आणि उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळून कारखान्याला लागणारी वाफ तयार करता येते.

माटुंगा, पुणे, पानिपत

या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान अभिमानास्पद आहे. मुंबईत माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेत केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ऊर्जा जीवविज्ञान केंद्र उभारण्यात आले. प्रा. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली तेथे विकसित झालेल्या तंत्रज्ञानावर आधारित, दररोज १० टन जैवभार हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प एप्रिल २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०१७ मध्ये दौंडजवळ आपला प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. याच कंपनीच्या तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलचा पानिपत येथील प्रकल्प उभा राहिला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. ९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या प्रकल्पाची क्षमता वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताच्या काडीपासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल तयार करण्याची आहे. म्हणजे एका टन काडीमागे अदमासे १५० लिटर.

छत्तीसगडच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण ओडिशातील बारगढचे. रायपूर-संबलपूर महामार्गावरील या भातपट्ट्यात भारत पेट्रोलियमच्या अशाच प्रकल्पाची पायाभरणी ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली. अशा प्रकल्पांना हातभार लावण्यासाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये 'प्रधानमंत्री जी-वन' योजना मंजूर केली आणि तिच्यासाठी १,९६९.५० कोटी रुपयांची तरतूद केली.

या खटाटोपाची आवश्यकता काय, असा प्रश्न कोणी विचारील. देशात २०१४ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. ते जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. मात्र हे इथेनॉल प्रामुख्याने ऊस, मका आणि तांदूळ यांपासून आले. ज्या दाण्यावर माणसाचा पहिला हक्क आहे, तोच इंजिनात जाळावा काय, हा विचार त्यामुळे पुढे येतो. काडीपासून होणारे इथेनॉल दाण्याला हात लावीत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे बलस्थान.

दोन इशारे

तरीही उत्साहाला हिशेबाची जोड हवी. छत्तीसगडने या बाबतीत एक अनुभव घेतला आहे. २००५ मध्ये राज्यात जैवइंधन विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि रतनजोतीच्या बियांपासून डिझेल मिळवण्याच्या उद्देशाने पडीक जमिनींवर कोट्यवधी रोपे लावण्यात आली. बियांपासून डिझेल होते, हे शास्त्र खोटे नव्हते. परंतु पाण्यावाचून, निगेवाचून पडीक जमिनीत ते झुडूप अपेक्षेइतके बी देऊ शकले नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट पुरवठ्याअभावी शेतात अडली.

दुसरा इशारा परदेशातला. अमेरिकेत २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत मक्याच्या कडब्यावर चालणारे तीन मोठे इथेनॉल प्रकल्प सुरू झाले. त्यांपैकी कॅन्सस राज्यातील प्रकल्पाची कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली, आयोवातील ड्यूपाँटचा प्रकल्प २०१७ मध्ये विक्रीस काढण्यात आला आणि तिसऱ्यानेही पुढे इंधनाचे व्यापारी उत्पादन थांबवले. रुमानियात गव्हाच्या काडावर चालणारा क्लॅरियंट कंपनीचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. याउलट ब्राझीलमध्ये उसाच्या चिपाडापासून इथेनॉल करणारे प्रकल्प टिकून आहेत. त्यामागे एक साधे कारण आहे. चिपाड साखर कारखान्यात आपसूकच गोळा झालेले असते. शेतातील काडी मात्र माती-दगडांसह गोळा करावी लागते, बांधावी लागते, वाहून न्यावी लागते आणि वर्षभर सांभाळावी लागते.

एक लाख एकरांचा हिशेब

छत्तीसगडात एकरी २१ क्विंटलपर्यंत धान शासकीय खरेदीस पात्र ठरते. हेच प्रमाण धरले, तर एकरामागे किमान दोन टन काडी मिळेल. पानिपतच्या आकाराच्या प्रकल्पाला दोन लाख टन लागते; म्हणजे एक लाख एकरांवरील काडी, तीही कापणीनंतरच्या दोन महिन्यांत. राज्यातील दीड कोटी टन पैऱ्यापैकी केवळ एक दशांश भाग मिळाला, तरी असे सात प्रकल्प चालू शकतील आणि वर्षाला २२ कोटी लिटरहून अधिक इथेनॉल तयार होईल. कागदावर हा आकडा आकर्षक आहे. अडचण आहे ती काडी शेतातून कारखान्यापर्यंत आणण्याची.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. पाच एकरांच्या धन्याला २०२४-२५ मधील ३,१०० रुपये क्विंटल या दराने १०५ क्विंटल धानाचे सव्वातीन लाख रुपये मिळतील. त्याच्या दहा टन काडीला टनामागे १,००० रुपये मिळाले असे गृहीत धरले, तरी हाती येतील १० हजार, म्हणजे धानाच्या उत्पन्नाच्या सुमारे तीन टक्के. एवढ्यासाठी तो मजूर लावून काडी गोळा करणार नाही. ती दुसऱ्या कोणी तरी यंत्राने उचलली पाहिजे. आता कारखान्याच्या बाजूने पाहू. टनामागे १५० लिटर हे प्रमाण धरल्यास काडीचा भाव टनाला १,००० रुपयांनी वाढला, की प्रत्येक लिटरचा खर्च साडेसहा रुपयांहून अधिक वाढतो. शेतकऱ्याला थोडा वाटणारा भाव कारखान्याला जड जातो, आणि सारा व्यवहार या चिंचोळ्या पट्टीत बसवावा लागतो.

साठवणीचा प्रश्नही तितकाच नाजूक. गठ्ठे वर्षभर कोरडे राहिले पाहिजेत. त्यांत ओल शिरली, की कारखान्याच्या टाकीत ज्या सूक्ष्मजीवांची प्रतीक्षा चालू असते, त्यांचेच भाऊबंद राशीतच काम सुरू करतात आणि साखर फुकट खाऊन टाकतात. पैरा फुटू खवय्याला आनंद देतो; कारखानदाराच्या लेखी मात्र तो गळतीचा दाखला आहे. शिवाय रास आतून तापत असल्याने आगीचे भय असते ते वेगळेच.

आणखी एका सावकाराचे देणे विसरता कामा नये. ती म्हणजे जमीन. भाताचे पीक जमिनीतून जेवढे पालाश घेते, त्यातील सुमारे ८० टक्के काडीतच राहते. सगळी काडी उचलून नेली, तर ती तूट शेतकऱ्याला खताच्या रूपाने विकत भरून काढावी लागेल. गुरांचा चारा हाही पहिला हक्कदार आहे. म्हणूनच एक दशांश किंवा तत्सम मर्यादित उचल हेच शहाणपणाचे धोरण ठरते.

वायूची वाट

सूक्ष्मजीवांकडून काम करून घेण्याची दुसरी वाटही आहे. हवाबंद टाकीत जिवाणूंचे निरनिराळे गट एकामागून एक काम करतात आणि शेवटी मिथेन वायू तयार होतो. तो शुद्ध करून दाबाखाली भरला, की वाहनांना चालतो. पंजाबातील संगरूर जिल्ह्यात लेहरागागा येथे वर्षाला सुमारे एक लाख टन भाताच्या काडीवर चालणारा, दिवसाला ३३ टन वायू देण्याच्या क्षमतेचा प्रकल्प ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. या मार्गात महागडे विकर लागत नाहीत आणि उरलेला रबडा खत म्हणून शेतात परत जातो. म्हणजे जमिनीचे देणे बऱ्याच अंशी फिटते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये 'सतत' योजना सुरू केली आणि पुढे नैसर्गिक वायूत असा जैववायू मिसळण्याचे बंधन घातले. २०२५-२६ मध्ये १ टक्का असलेले हे प्रमाण २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर न्यावयाचे आहे. लहान प्रमाणावरील प्रयोगांत पुण्याच्या 'आरती' संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांचे कार्य सर्वपरिचित आहे. स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणाऱ्या आटोपशीर बायोगॅस संयंत्राबद्दल या संस्थेला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

पतपुरवठ्याची जागा

वरील हिशेबावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा सूक्ष्मजीव नाही; तो शेत आणि कारखाना यांच्यामधला आहे. बँकांना खरे काम याच ठिकाणी आहे. गठ्ठे बांधणारे बेलर, काडी ओळीने ओढणारे रेक, ट्रॉली आणि उंचावरील झाकलेली साठवणूक यांसाठी शेतकरी उत्पादक कंपन्यांना, बचत गटांना आणि ग्रामीण तरुणांना मुदत कर्ज लागेल. दोन महिन्यांत खरेदी केलेला माल वर्षभर वापरायचा असल्याने खेळते भांडवलही मोठे लागेल. धान गोदामात सुरक्षित राहते, काडी तशी राहत नाही. म्हणून तारण, विमा आणि आर्द्रतेची तपासणी यांचे निकष नव्याने ठरवावे लागतील.

पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व दिल्लीसाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. काडीच्या पुरवठा साखळीतील यंत्रसामग्रीचा ६५ टक्के भार शासन, २५ टक्के काडी वापरणारा उद्योग आणि १० टक्के शेतकरी किंवा संकलक उचलील, अशी विभागणी त्यांत आहे. उद्योगाने स्वतःचा पैसा गुंतवला, की तो उचलीचा करारही गांभीर्याने पाळतो. कर्ज देणाऱ्या बँकेलाही तेवढाच दिलासा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये अग्रक्रम क्षेत्राच्या व्याख्येत कॉम्प्रेस्ड बायोगॅस प्रकल्पांसाठीच्या कर्जांचा समावेश केला, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

असा प्रस्ताव शाखेत आल्यास अधिकाऱ्याने यंत्राच्या किमतीआधी काही प्रश्न विचारावेत. काडी कोणत्या गावांतून येणार? उचलीचा लेखी करार किती वर्षांचा आहे? अवकाळी पावसात साठा कोठे राहणार? वर्षातील उरलेले दहा महिने यंत्र काय करणार? रतनजोतीच्या वेळी पुरवठ्याबद्दलचे असे प्रश्न पुरेशा आग्रहाने विचारले गेले असते, तर पुष्कळ श्रम आणि पैसा वाचला असता.

शंकर नगरपासून काही किलोमीटर अंतरावर, लाभांडीच्या बाजूला इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा परिसर आहे. भाताच्या २३ हजारांहून अधिक वाणांचा संग्रह तेथे जतन केलेला आहे आणि त्यामागे डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव फिरून घेतलेले कष्ट आहेत. त्यांनी एकेक मूठ दाणे मोलाचे मानून जपले. आता पाळी आहे ती काडीची. येत्या हंगामात राज्यातील शिवारांत पुन्हा राशी रचल्या जातील. त्यांतील काही गुरांच्या मुखी, काही मातीच्या पोटी जाव्यात, हेच योग्य. उरलेल्यांना आग लागण्यापूर्वी एखादा बेलर वेळेवर बांधावर पोहोचला, तर पाच एकरांच्या धन्याला त्याच काडीचे दहा हजार रुपये मिळतील. आणि त्या बेलरचे हप्ते वेळेवर फिटले, तर पुढच्या वर्षी दुसरा बेलर घेण्यासाठी शेजारच्या गावचा तरुण आपणहून शाखेची पायरी चढेल.